कॅमेऱ्याच्या पाठीमागचा आवाज

भिवंडीच्या बाजारात मी भाजी घेत उभी असते आणि शेजारी एखादी बाई येऊन उभी राहते. तिला मी चांगली ओळखत असते. तिच्या हळदीला मावशी रुसून बसली होती, हे मला ठाऊक असतं. पाठवणीला रडता रडता तिने हळूच कॅमेऱ्याकडे बघितलं होतं, हेही. ती मात्र कोथिंबिरीची जुडी उचलते, भाव करते आणि निघून जाते. तिने मला जन्मात पाहिलेलं नसतं. सुरुवातीला मी चुकून हसायचे, बाया गोंधळायच्या. मग हळूहळू ती सवय मोडली.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचे. माझा भाऊ विलास शूटिंग करून आणायचा आणि मी कोन गावात आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून त्यातलं लोकांना बघवेल एवढंच ठेवायचे. नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, गाणी टाकायची, नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलातून बाहेर काढायचं. गुलाबाला हसू नका. त्या काळी गुलाब नसला तर गिऱ्हाईक भांडायला यायचं. आगऱ्यांच्या हळदी, मुसलमानांचे निकाह, आमची बौद्ध पद्धतीची लग्नं, धवलेरी बाया गाणी म्हणून लावतात ती पाड्यांवरची लग्नं, सगळी माझ्या टेबलावरून गेली.

कापलेलं कुठे जातं, असं लोक विचारतात. ते कापणाऱ्याच्या डोक्यात राहतं. एकदा एक गृहस्थ लग्न होऊन बरेच दिवस झाल्यावर कॅसेट परत घेऊन आले. म्हणाले, "ताई, यातून आमच्या मोठ्या भावाला काढून टाका." भाऊ जिवंत होता, घरावरून वितुष्ट आलं होतं. मी म्हटलं, अहो, ते तर प्रत्येक ठिकाणी आहेत, मांडवात सगळ्यात जास्त तेच धावतायत. पण गिऱ्हाईकापुढे काय बोलणार? कुठे कापलं, कुठे चित्र मोठं करून भाऊ बाहेर ढकलला. एका ठिकाणी मात्र इलाज चालेना. नवरदेवाच्या खांद्यावर भावाचा हात होता. भाऊ गेला, हात राहिला. मी ते दाखवलं आणि विचारलं, हाही काढू का? ते पडद्याच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "राहू दे." कॅसेट उचलली आणि गेले.

हे सांगायचं कारण, माणूस चित्रातून पुसला तरी काहीतरी उरतं, हे मला या धंद्याने शिकवलं होतं. तरी फैजानच्या सिनेमाच्या वेळी जे उरलेलं सापडलं, त्यासाठी माझी तयारी नव्हती.

फैजान आला तेव्हा मी काम जवळजवळ थांबवलं होतं. डोळे दुखायचे, आणि लोक आता मोबाइलवरच सगळं जोडतात. त्याच्या बहिणीच्या निकाहचं मिक्सिंग मी केलं होतं, म्हणून तो मला लहानपणापासूनचा माहीत. म्हणजे सरबताच्या ग्लासात बोट घालताना मी त्याला पाहिलेलं होतं. आता दापोड्याच्या एका गोदामात पार्सलांच्या स्कॅनिंगला होता. आल्या आल्या म्हणाला, "ताई, भुताची फिल्म बनवतोय. छोटीशी. तुम्हीच जोडायची."

"गुलाब टाकू का त्यात?"

"मजाक नको ना, ताई." मग त्याने समजावलं. शूटिंग करणारी माणसं गायब झालीत, फक्त त्यांचा कॅमेरा सापडलाय, आणि आत जे होतं ते जसंच्या तसं आपण बघतोय, असा तो प्रकार. भूत दाखवायचं नाही. फक्त कॅमेरा हलतो, श्वास ऐकू येतो आणि बघणाऱ्याला वाटतं की हे खरं आहे.

"जसंच्या तसं दाखवायचं, तर माझं काय काम?"

"तेच तर काम. कोणी कापलंय असं वाटताच कामा नये."

मला ते आवडलं. आयुष्यभर माझं काम दिसावं म्हणून चांदण्या टाकल्या, आता ते दिसू नये म्हणून बोलावणं आलं होतं.

गोष्ट साधी होती. एक मुलगी आपल्या बापाला शोधत एका बंद पावरलूम कारखान्यात जाते. सोबत कॅमेरा घेतलेला तिचा मित्र. ती आत हाका मारत फिरते, आणि शेवटी दोघंही दिसेनासे होतात. कारखाना फैजानच्या मामूंचा. लूम केव्हाच भंगारात गेल्या होत्या. जमिनीवर जिथे एकेक लूम उभी होती तिथे तेलाचे काळे चौकोन तेवढे राहिले होते. शूटिंग शुक्रवारीच करायचं, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या लूमना सुट्टी. एरवी त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे श्वास कुठून ऐकू येणार? खिडक्यांना गोणपाट ठोकले की आत अंधार. सिनेमातली रात्र सगळी भर दुपारी झाली.

मुलगी झाली होती मनीषा. फैजानच्याच गोदामात पॅकिंगला, डोंगराकडच्या एका पाड्यावरची. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची. कागदावर "बाबा" अशी हाक होती, तिने ती स्वतःहून "बा" केली. पहिल्या दिवसाचं शूटिंग बघून मी फैजानला म्हटलं, ही पोरगी कुठे शिकली रे? भिंतीला हात लावते तर माझ्या हाताला गारवा लागतो.

तो खूश झाला. पण पुढचं शूटिंग येत गेलं तसं मला एक गोष्ट खटकायला लागली. फैजान "कट" म्हणायचा, पण कॅमेरा लगेच बंद करायचा नाही, नवशिके तसं करतात. त्या उरलेल्या तुकड्यांत मनीषा थांबत नसे. काम संपलेलं असताना ती त्या तेलाच्या चौकोनांतून हळूहळू चालायची. कोपऱ्यात वाकून बघायची. एकदा तर मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली, कान लावल्यासारखी, आणि फैजानने हाक मारल्यावर दचकून वळली. नटी काम संपलं की पाणी मागते, मोबाइल काढते. ही शोधत होती.

आणि मग तो तुकडा आला.

सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर वहिनी कपडे वाळत घालत होत्या. मी हेडफोन लावून बसले होते. पडद्यावर मनीषा अंधारात उभी, कॅमेऱ्याकडे पाठ. ती हाक मारते, "बा... ए बा..." मग शांतता. आणि त्या शांततेत, अगदी हळू, कोणीतरी म्हणालं, "आलो."

मी हेडफोन काढून खोलीत बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. परत लावलं. "बा... ए बा..." "आलो." पुरुषाचा आवाज. घोगरा, बऱ्याच दिवसांत वापरला नसावा असा. मी उठून दार उघडं टाकलं, वहिनींना म्हटलं, जरा इथे येऊन बसा. त्या म्हणाल्या, का? मी म्हटलं, असंच.

फैजान संध्याकाळी गोदामातून थेट आला. ऐकून आधी हसला. "ताई, तुम्ही टाकलात ना? खतरनाक!" मी टाकला नाही म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, मी नाही, मनीषा तर पाठमोरी उभी होती, आणि वॉचमन चाचा तर बाहेर उंबराखाली बसले होते. शिवाय चाचा युपीचे, ते "आलो" कशाला म्हणतील?

आमच्याकडे आवाज दोन ठिकाणी भरलेला होता. एक माइक मनीषाच्या गळ्याशी, दुसरा कॅमेऱ्यावर; शूटिंगच्या वेळी फैजानच्या कानात हेडफोनवर फक्त गळ्याचा माइक असायचा. दोन्ही शेजारी लावून ऐकले. गळ्याच्या माइकवर तो आवाज असून नसल्यासारखा, कॅमेऱ्याच्या माइकवर स्पष्ट. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही एकदमच कळलं होतं. बोलणारा मनीषाच्या समोर नव्हता. तो फैजानच्या पाठीमागे होता. जवळ.

"माझ्या मागे तर ती कांडीची खोली आहे," फैजान म्हणाला. लूममध्ये घालायच्या सुताच्या कांड्या पूर्वी तिथे ठेवत. "बंद असते ती." आणि बसल्या बसल्या त्याने मान वळवून आपल्या मागची माझी भिंत बघितली.

मला भूतखेत मानायची सवय नाही, आमच्या घरात ते शिकवलेलंच नाही. पण न मानणाऱ्यालाही भीती वाटते. मी त्याला म्हटलं, मनीषाला सांग. तो नको म्हणाला. शेवटचाच सीन राहिला होता, ती घाबरून आलीच नाही तर? मग मी त्याला ते उरलेले तुकडे दाखवले, एकामागून एक. तिचं वाकून बघणं, दाराला कान लावणं. तो म्हणाला, "उद्या आणतो तिला."

मनीषा आली, चप्पल दारात काढली, माझ्या खुर्चीवर अर्धीच बसली. मी हेडफोन दिला. हाक आली, आणि मग ते उत्तर आलं असणार, कारण तिचे हात मांडीवरून उचलले गेले आणि तसेच राहिले. 

"ताई, परत लावा."

मी परत लावलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "पुढं पन चालू ठेवा." पुढे काय होतं ते मला माहीत होतं. उत्तरानंतर फैजानचं "कट! भारी झालं!" मग मनीषाचं मोकळं, मोठं हसणं, "ए, पानी दे रे." आणि त्या हसण्याच्या खाली एका कडीचा आवाज, कोणी दार हळूच लावून घ्यावं तसा.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मी हसते हाय," ती म्हणाली. "त्यानं आलो म्हनलं आन मी हसते हाय."

मग तिने सांगितलं. तिचा बाप पाड्यावरून भिवंडीला लूमवर कामाला आला होता, ती लहान असताना. सणाला यायचा. एका सणाला आला नाही, पुढच्यालाही नाही. पाड्यावरची माणसं येऊन शोधून गेली, पण भिवंडीत कारखाने काय थोडे आहेत? आईला एवढंच माहीत होतं की कारखान्याच्या दारात उंबर आहे, बाप त्याबद्दल बोलायचा. फैजानने शूटिंगची जागा मोबाइलवर दाखवली, त्यात उंबर होता.

"मला का नाही सांगितलंस?" फैजानने विचारलं.

"काय सांगू? उंबर काय येकच हाय का? म्हटलं, हाका मारायचंच काम हाय, मारून बगू." तिने हेडफोनकडे बोट केलं. "आवाज त्याचाच हाय. मला बाकी कायच आठवत न्हाय त्याचं. आवाज आठवतो."

आम्ही तिघं फैजानच्या मित्राची रिक्षा करून तसेच निघालो. तो शुक्रवार नव्हता. गल्लीत शिरलो आणि दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट अंगावर आला. दातांत जाणवतो तो. मधोमध तो एकच कारखाना गप्प. उंबराखाली रामदुलार चाचा बसले होते. उभी हयात लूमवर गेलेला माणूस, कान गेलेले. फैजानने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "चाचा, पीछे कोई रहता है?"

चाचांनी आमच्याकडे बघितलं, मनीषाकडे जास्त वेळ बघितलं, आणि किल्ली घेऊन उठले.

कांडीच्या खोलीला दोन दारं होती, एक कारखान्यात उघडणारं, एक मागच्या गल्लीत. आत गोणपाटाचं अंथरूण, एक ताट, एक डबा. आतल्या दाराच्या दोन फळ्यांमध्ये फट होती. मी वाकून डोळा लावला. समोर बरोबर ती जागा होती, जिथे मनीषा उभी राहून हाका मारायची.

चाचा सांगत गेले. मामूंनी लूम विकल्या, कारीगर पांगले, हा एक गेला नाही. त्याच्या आधीच त्याला मोठा ताप येऊन गेला होता आणि तेव्हापासून डोकं जाग्यावर नव्हतं. घर कुठे, नाव काय, विचारलं की नुसता बघायचा. "हम उसको पहाड़ी बुलाते थे. जो हम खाते, वो भी खाता. पहला कौर ज़मीन पर रखता था, फिर खाता था." मनीषाने मान हलवली. तिच्या घरीही पहिला घास जमिनीवर ठेवूनच जेवतात.

"जब मशीन उठ गया, तब भी रोज़ अपनी जगह पे खड़ा हो जाता," चाचा म्हणाले आणि त्या रिकाम्या, तेलकट जमिनीवर एका चौकोनाशी जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी हवेतला तुटलेला धागा पकडला, चिमटीत वळला, जोडला. "ऐसे. घंटा-घंटा."

"आप मना नहीं करते थे?" मी ओरडून विचारलं.

"काहे मना करें?" त्यांनी आपल्या कानाकडे बोट केलं. "हमरे कान में तो लूम आज तक बंद नहीं हुआ. हमको लगता था, इसको भी चालू ही सुनाई देता होगा."

एक बहिरा आणि एक न बोलणारा, अशी दोन माणसं त्या जागेत इतके दिवस राहिली होती. तो कधी बोलला का, हे चाचांना सांगता येईना. बोलला असेल तरी त्यांना कुठून कळणार? शूटिंगची माणसं यायची तेव्हा तो आत कडी लावून बसायचा. आणि आता कुठे आहे, या प्रश्नावर चाचांनी हात पसरले. मागचं शूटिंग झालं, ज्यात तो "आलो" होता, त्या दिवसापासून तो दिसला नव्हता. मागचं दार उघडं होतं.

त्या फटीतून त्याने काय बघितलं असेल, याचा विचार मी तेव्हा तिथेच केला आणि अजून करते. डोकं विझलेला एक माणूस. त्याच्या समोर एक मुलगी अंधारात येते, घाबरते, त्याला हाक मारते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, एकाच जागी येऊन, एकाच आवाजात. आत कुठेतरी काही जागं होतं, तो ओ देतो. मुलगी वळत नाही. कोणी ओरडतं, ती हसते आणि पाणी मागते. आम्ही भीतीचा सिनेमा काढत होतो. त्या खोलीत बसून जो त्याने पाहिला, त्याहून भीतीदायक मला अजून काही सुचलेलं नाही.

शोधलं आम्ही. पोलिसांत वर्दी दिली. फैजानने कामावर खाडे करून मनीषाला मोटरसायकलवर मागे घेतलं आणि कशेळीच्या पुलापासून कल्याण नाक्यापर्यंत, गोदामांच्या मागे, हॉटेलांच्या मोऱ्यांशी, सगळीकडे विचारलं. मनीषा हाका मारायची. फैजान मला म्हणाला, "ताई, आता ती हाक मारते ना, मला ऐकवत नाही." कोनच्या एका टपरीवाल्याने तसा माणूस खाडीकडे पायी जाताना पाहिल्याचं सांगितलं, पण नक्की तोच का, ते त्यालाही सांगता येईना. अजूनही पत्ता नाही. चाचा मागचं दार उघडं ठेवतात, डब्यात भात ठेवतात. भात कधी तसाच असतो, कधी नसतो. मांजरं आहेत तिथे, असं मी स्वतःला सांगते.

फैजान सिनेमा सोडून द्यायला निघाला होता. मनीषानेच धरून ठेवलं. म्हणाली, शेवटचा सीन करायचा. कागदावर होतं की ती हाक मारते आणि दिवा विझतो. तिने वेगळं मागितलं. "मी हाक मारीन, आन मागं वळून बगीन."

त्या शुक्रवारी मीही गेले. तिने हाक मारली आणि वळली, कॅमेऱ्याच्या पलीकडे, त्या फटीच्या दाराकडे. आम्ही सगळे श्वास धरून उभे. उत्तर आलं नाही. फैजानने कट म्हटलं नाही आणि ती बघत राहिली. मला वाटत होतं की आता येईल, आता येईल. लग्नघरचं इतकं रडणं मी कापलंय, पण तो तुकडा मी एका श्वासाइतकाही कापला नाही. तिच्याच सांगण्यावरून तो जुना "आलो" मात्र जिथे आला होता तिथेच ठेवला. मी विचारलं होतं, "लोक याला भूत समजतील, चालेल?" ती म्हणाली, "समजू दे. कोन वळखीचा आयकंल तर सांगंल तरी."

गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सिनेमा दाखवला. पडदे ओढलेले, पोरंच जास्त, मागे फैजानच्या घरचे. मनीषाने पाड्यावरून आईला आणलं होतं. आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, गुडघ्यांना हातांचा वेढा घालून. मनीषाने तिला आधी सगळं सांगितलं होतं, पण आवाज ऐकवला नव्हता. मोबाइलवर नको, नीट ऐक, म्हणाली होती.

पडद्यावर अंधार झाला. "बा... ए बा..." आणि मग सगळ्या हॉलभर तो घोगरा आवाज, "आलो."

पोरं किंचाळली. पुढच्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीच्या कुशीत शिरली. कोणीतरी भीतीने हसलं. माझ्या शेजारी मनीषाची आई हलली नाही. ती जरा पुढे वाकली, पडद्यावरच्या त्या अंधाराकडे बघत, आणि अगदी घरातल्यासारखं, थोडं चिडून, हळूच म्हणाली,

"ये ना मंग. कोन आडवतंय तुला?"